डावं-उजवं करणारी लुंबिनी

तुमच्या घरात डावं-उजवं होतं का? खरं सांगा, लगेच मान हलवू नका. दुधावरची साय कोणाच्या वाटीत जाते, थोरल्या सुनेला कोणती खोली अन् धाकटीला कोणती, जावयाला चहा कपबशीत अन् भाच्याला गिलासात का, हे सगळं आठवा आणि मग बोला. "आमच्यात तसलं काही नाही" म्हणणारे मला आजवर रग्गड भेटले. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक खुर्चीनं मला हेच ऐकवलं आहे. "हो, मी डावं-उजवं करते, रोज करते, आणि सरकारनंच मला त्या कामाला बसवलंय" असं तोंडावर सांगणारं माणूस उभ्या नांदेड जिल्ह्यात मला एकच भेटलं. मुदखेडची लुंबिनी नरवाडे.

डावं-उजवं करणाऱ्यांच्या दारात बसून घोषणा देण्यात माझं आयुष्य गेलं. आणि आज मीच हिचं कौतुक लिहायला बसलोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला मध्ये मध्ये बोललेलं खपत नाही.

मुदखेडला स्टेशनकडून बाजाराकडं जाताना ग्यानोबा नरवाड्यांचं शिलाईचं दुकान लागतं. माझे सगळे शर्ट तिथलेच. लुंबिनी ही ग्यानोबांची पोरगी. नांदेडला रसायनशास्त्रात संशोधन करायची, रोज सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी परत यायची. उंची बेताची, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. मुदखेडच्या लोकांना संशोधन हा शब्द पचत नाही. स्टेशनच्या रस्त्यावर रोज कुणीतरी अडवायचंच.

"काय गं, अजून शिकूनच राहिली का?"

"शिकत न्हाई काका, शोधून राहिले."

"काय हरवलंय?"

यावर ती थांबून उत्तर द्यायला लागायची आणि गाडी चुकायची. असं कितीदा तरी झालंय. तिची आई सुमनबाई म्हणते, "हिला लग्नाचं विचारलेलं चालतं, पण हिच्या कामाचं विचारू नका. लग्नाला एका शब्दात न्हाई म्हणती. कामाचं विचारलं की चुलीवरची भाजी करपती."

मी विचारलं. मला करपलेल्या भाजीची भीती नाही. मी कॉलेजात शास्त्र शिकलेला माणूस नव्हे. जे काय शिकलो ते रद्दीच्या दुकानात आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर. त्यामुळे पुढं रसायनाचं जे लिहितो ते तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. चुकलं तर तिला विचारा, आणि भाजी गॅसवरून उतरवून विचारा.

तिनं सुरुवात केली तीच बापाची फजिती सांगून.

ग्यानोबांनी एकदा एका बँडवाल्याचा लाल मखमलीचा कोट शिवायला घेतला. बाह्या कापताना कापड दुहेरी घालायचं असतं, तोंडाला तोंड लावून, म्हणजे एक डावी निघते आणि एक उजवी. त्या दिवशी दुकानात गप्पा रंगल्या होत्या. ग्यानोबांनी कापड एकेरी टाकलं आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मखमल संपलेली, वरात दारात आलेली. तशाच लावून दिल्या. बँडवाला दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "नरवाडे, काय कोट शिवला हो! माझा उजवा हात खाली येईचना. नवरदेवाला वाटलं, मी त्यालाच सलाम करून राहिलो. खूश होऊन त्यानं मला मिठी मारली."

"बाबा, सांगू का न्हाई दादाला?" लुंबिनी म्हणाली.

"सांगितलंस की सगळं. आता परवानगी कशाला मागती?" ग्यानोबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

"तर दादा, ती बाही मी तेव्हा फिरवून फिरवून बघितली. खाली-वर केली, मागं-पुढं केली. डावी ती डावीच. उजवी होईचना. रेणूंचं तसंच असतं. काही रेणू जोडीनं येतात. सामान तेच, वजन तेच, उकळतात एकाच वेळी, पण एक डावी बाही अन् एक उजवी. आरशात एकमेकांसारखे. एकावर एक ठेवले की जुळत न्हाईत."

"मंग बिघडलं काय?" मी म्हणालो. "दोन्ही असू दे की."

"बिघडतं ना! आपलं अंग म्हंजे एकाच हाताचा माणूस हाय. त्याला एकच बाही बसती. औषधाच्या गोळीत दोन्ही असले तर एक काम करतो, दुसरा नुसता फिरतो. कधी कधी दुसरा तापपण देतो. सर्दीची गोळी घेता ना? काही पाकिटांवर नावाच्या आधी 'लिव्हो' लिहिलेलं असतं बघा. लिव्हो म्हंजे डावा. उजवा काढून टाकलेला असतो त्यातला."

मग तिनं दोन बारक्या बाटल्या माझ्या नाकाखाली धरल्या. एकीला पुदिन्याचा वास. दुसरीला वेगळाच, ओळखीचा. मला नाव सुचेना. सुमनबाई आतून म्हणाल्या, "बाळंतशेप हाय ती. तुम्हाला कसं कळणार? तुम्ही काय बाळंत झालात का?"

लुंबिनी म्हणाली, दोन्ही बाटल्यांत एकच रेणू आहे. पुदिन्यात डावा असतो, शेपेत उजवा. मला पटलं नाही. एकाच मालाचे दोन वास कसे येतील? ती म्हणाली, "तुमच्या नाकालाही एकच हात हाय, दादा. त्याला दोघांशी वेगळी भेट होती." आता माझ्या नाकाविषयी मुदखेडात बरंच बोललं जातं, पण हे नवीन होतं.

कारखान्यात हा रेणू बनवला की डावे-उजवे निम्मे-निम्मे निघतात, एकत्र मिसळून. ते वेगळे कसे करायचे? चाळता येत नाहीत, आकार एकच. उकळून काढता येत नाहीत, उकळतात सोबतच. लुंबिनीचा सगळा झगडा इथं आहे. ती एक पडदा बनवते. कागदाएवढा पातळ, बारीक छिद्रांचा, पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो त्या जातीचा. त्याच्यावर लेप देते. लेपात पिठापासून काढलेल्या साखरेच्या बारीक बारीक कड्या असतात आणि त्या कड्यांना एका हाताचा रेणू आवडतो, दुसऱ्याचा नाही.

"म्हंजे लग्नाच्या मांडवात दारात मामा उभा असतो ना," ती म्हणाली, "पाव्हण्याला हातात हात देऊन सोडणारा. समजा, असल्या मामांची रांगच उभी हाय. प्रत्येकाला एकच हात, उजवा. उजवा हात पुढं करणारा पाव्हणा आला की हात बसतो, मामा सोडत न्हाई. घरचं कसंय, पाऊसपाणी काय म्हणतं. दुसरा मामा तेच. तिसरा तेच. डावा हात पुढं करणाऱ्याचा हातच बसत न्हाई. मामा म्हणतो, जा पुढं. तो सरळ पंगतीत. थोड्या वेळानं आत बघा, पंगतीत सगळे डावे. उजवे अजून दारात बोलून राहिलेत."

"तुझ्या उमरीच्या मामासारखं," सुमनबाई म्हणाल्या. "त्यानं माझ्या लग्नात नवरदेवालाच बाहेर उभं केलं होतं."

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

अडलं लेपात. लेप जाड दिला की मामा फार होतात. डावे-उजवे छान वेगळे होतात, पण थेंब थेंब पडतो, जेवण आटपेपर्यंत कुणीच आत येत नाही. लेप पातळ दिला की सगळे एकदम घुसतात, डावं-उजवं काही राहत नाही. आणि पडदा वाळला की लेपाला तडे जातात, म्हणून तो कायम ओला ठेवावा लागतो. सुमनबाईंचे स्टीलचे डबे एकेक करून प्रयोगशाळेत गेले ते त्यासाठीच. पाच वर्षं ही पोरगी जाड आणि पातळ यांच्या मधली जागा शोधत होती.

आता सरकारची फेलोशिप संपत आली होती. मार्चनंतर प्रयोगशाळेतलं तिचं टेबल दुसऱ्याला जाणार होतं. लातूरच्या एमआयडीसीत शिवकुमार शेठची एक छोटी कंपनी आहे, अत्तराचा आणि औषधाचा कच्चा माल बनवणारी. लुंबिनीच्या सरांच्या ओळखीनं शेठ म्हणाले होते, "एक दिवस आमच्या पंपावर चालवून दाखव. माल वेगळा झाला तर मागची खोली तुला देतो, तिथं पुढचं काम कर." नाही झाला, तर धर्माबादच्या एका शाळेत तासिकेवर शिकवायला जाईन, असा शब्द तिनं बापाला दिलेला होता. शिकवणं वाईट नाही. पण मग पडदा डब्यातच राहिला असता आणि लुंबिनी शब्दाची पक्की आहे. मला ठाऊक होतं, ती गेली तर परत यायची नाही.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते सुमनबाईंच्या कौतुकानं.

त्या लातूरला एका लग्नाला गेल्या. पंगतीत शेजारी बसल्या होत्या सिंधुबाई. योग असा, की या सिंधुबाई शिवकुमार शेठच्याच कंपनीत पंपावर कामाला. बाया पंगतीत बसल्या की काय बोलतात? लेकरांचं.

"तुमची पोरगी काय करती?"

सुमनबाईंना रेणू, लेप, पडदा हे सगळं सांगता येतं, ऐकून ऐकून पाठ झालंय. पण वाढपी जिलेबी घेऊन डोक्यावर उभा. त्यांनी आटोपतं घेतलं. "ती डावं-उजवं करती. लई हुशार हाय त्याच्यात. तुमच्याच कंपनीत येऊन राहिली की गुरुवारी. शेठनं खास बोलावलंय. निम्मे ठेवायचे, निम्मे काढून टाकायचे."

सिंधुबाईंच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. असली बाई, आपल्या लेकीचं असलं काम, आणि वर हसून सांगती! त्या पंगतीतून उठल्या त्या थेट भागवतकडं गेल्या.

भागवत हा आमच्या कामगार संघटनेचा लातूरचा कार्यकर्ता. पोरगा निष्ठेचा, आवाज खणखणीत. फक्त त्याच्यात घोषणा आधी होते आणि चौकशी नंतर. त्यानं मला फोन केला. "दादा, गुरुवारी लातूरला या. नांदेडहून एक बाई येऊन राहिली, कामगारांत डावं-उजवं करायला. निम्मे काढणार हायत."

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. पहिल्या एसटीनं गेलो. कंपनीच्या फाटकासमोर कामगार बसलेले, लाल झेंडे लावलेले, पंप बंद. मी जरा बाजूला, चहाच्या गाड्यावर उभा होतो. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि उतरली कोण? लुंबिनी. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, आणि रिक्षात मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू, लेकरासारखी आडवी निजवलेली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण मी गर्दी फोडून पुढं जाईपर्यंत भागवत तिच्या समोर उभा ठाकला होता. आणि पहिली दोन वाक्यं कानावर आल्यावर, खोटं कशाला सांगू, मी चहा संपवायचं ठरवलं.

"मॅडम, नांदेडहून आल्या त्या तुम्हीच का?"

"हो. उशीर झाला का?"

"डावं-उजवं करायला आलात?"

लुंबिनीचा चेहरा खुलला. आजवर कुणी तिला दारातच तिच्या कामाचं नाव घेऊन विचारलं नव्हतं. "अरे वा! तुम्हाला माहितीय? हो, त्यालाच आले!"

"शेम! शेम!" गर्दी ओरडली.

"हां, सेमच," लुंबिनी म्हणाली. "दिसायला अगदी सेम असतात. म्हणून तर अवघड जातं."

भागवत गर्दीकडं वळला. "ऐकलं का? बाईच्या तोंडून ऐका!" परत तिच्याकडं. "निम्मे काढणार का न्हाई, एवढं सांगा."

"निम्मेच. त्याला इलाज न्हाई. निम्मे डावे असतात, निम्मे उजवे. यावेळी डावे आरपार जातील."

"डावे?" भागवतनं वर झेंड्याकडं बघितलं. "आरपार? झेंडा बघून काढून राहिलात का माणसं?"

"झेंड्याचा काय संबंध? हात बघून. हात बसला की अडकतो, न्हाई बसला की बाहेर."

"किती वर्षं करून राहिलात हे काम?"

"पाच."

"लाज न्हाई वाटत?"

"लाज कशाची? लेप जरा पातळ झाला होता मागच्या खेपेला, पण आता जमलाय."

आता सिंधुबाई पुढं आल्या. पदर खोचून. "अन् काय गं, ज्यांना काढणार त्यांचं पुढं काय?"

लुंबिनीला हा प्रश्न फार आवडतो. ती रंगात येते. "वाया न्हाई घालवत, मावशी! औषधाच्या कामात त्यांना परत उकळतात. उकळलं की त्यातले निम्मे कामाचे निघतात. ते काढायचे, उरलेले परत उकळायचे."

फाटकासमोर बसलेले कामगार उठून उभे राहिले.

"अगं माय," सिंधुबाई म्हणाल्या, "माणसं उकळणार?"

"माणसं?" लुंबिनी म्हणाली. "कोणती माणसं?"

मग मी चहाचा गिलास ठेवला आणि पुढं गेलो.

खुलासा व्हायला वेळ लागला नाही. सिंधुबाईंनी कपाळावर हात मारला. "सुमनबाईनं सांगितलं तेच मी सांगितलं. एक अक्षर वाढवलं न्हाई."

"माय खोटं न्हाई बोलली," लुंबिनी म्हणाली. "तुमच्या दोघींच्या मधी जिलेबी आली."

सगळे हसले. भागवत हसला नाही. नेत्याला गर्दीसमोर मागं फिरणं जड जातं, मला माहीत आहे. मी अजून शिकलेलो नाही. तो म्हणाला, "हे सगळं बोलणं झालं. आम्ही बोलण्यावर विश्वास ठेवत न्हाई. करून दाखवा."

तेवढ्यात शिवकुमार शेठ वरच्या गॅलरीत आले. भला माणूस, पण भितरा. झेंडे बघून ते खाली उतरलेच नाहीत. ते वरूनच म्हणाले, "मॅडम, आज राहू द्या. वातावरण निवळलं की बघू. मार्च झाल्यावर या सावकाश."

मार्च झाल्यावर! तेव्हा लुंबिनी धर्माबादला फळ्यापुढं उभी असणार होती. ती काही शेठला विनवत बसली नाही, विनवणं तिच्यात नाहीच. तिनं डबा भागवतच्या हातात दिला. "धरा हा. सावलीत धरा. ऊन लागून पडदा वाळला तर तडे जातील, अन् तडा गेला की डावे-उजवे सगळे एकत्र पळतील. तुम्हाला बघायचंय ना करून? मंग सांभाळा."

भागवत डबा घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला, दोन्ही हातांत धरून, हलायची सोय नाही. मी त्याला लाठीचार्जमध्ये पाहिलंय. तेव्हाही तो इतका घाबरलेला नव्हता.

सिंधुबाई वर बघून म्हणाल्या, "शेठ, पंप मी चालवते. आजच चालवते. एवढं बेजार झालो आम्ही, आता बघूनच जाऊ."

"अहो, पण पुढच्या महिन्यात..."

आणि भागवतनं, डबा हातात तसाच ठेवून, गळ्याच्या शिरा फुगवून घोषणा दिली, "डावं-उजवं..."

"झालंच पाहिजे!" गर्दी गरजली.

"डावं-उजवं..."

"झालंच पाहिजे!"

कामगारांच्या हक्कासाठी मी पुष्कळ घोषणा ऐकल्या आणि दिल्या. पण लाल झेंड्याखाली, एमआयडीसीच्या रस्त्यावर, ही घोषणा मी त्याच दिवशी ऐकली. रस्त्यानं जाणारा एक दुचाकीवाला थांबून झेंड्यांकडं बघत राहिला. त्याचं काय मत झालं असेल, मला अजून फिकर आहे. शेठनं मात्र फाटक उघडायला सांगितलं.

पडदा लोखंडी चौकटीत बसवला गेला. शेठच्याच टाकीतला मिसळीचा माल, पाणी-स्पिरिटात विरघळवलेला, सिंधुबाईंनी पंपानं सोडला. लुंबिनी म्हणे, जोर कमी करा. सिंधुबाई म्हणत, एवढ्या जोरानं तर माझा पंप झोपतो. खालच्या नळीतून थेंब पडायला लागला. एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. कामगार जेवून आले. तरी बाटलीचा तळ जेमतेम झाकलेला.

"मामा लईच बोलके दिसतात," कुणीतरी म्हणालं. तोपर्यंत मांडवाची गोष्ट सगळ्यांना पाठ झाली होती.

दुपार कलल्यावर बाटली भरली, शेजारी दुसऱ्या बाटलीत टाकीतला माल ठेवला आणि नाकांची परीक्षा सुरू झाली. निम्म्या बाया म्हणाल्या पुदिना. काही म्हणाल्या दोन्ही. एकजण म्हणाला स्पिरिट, आणि त्याला आणखी एकदा हुंगायचं होतं. भागवतनं हातातली तंबाखू झटकून नाक लावलं आणि दोन्ही बाटल्या सारख्याच आहेत असं जाहीर केलं. "तुमच्या नाकानं माझी पाच वर्षं मोजायची न्हाईत," लुंबिनी म्हणाली, आणि रिक्षातून आणलेलं ते पोतं सोडलं.

आत पोलारिमीटर होता. लातूरच्या एका कॉलेजातून दोन दिवसांसाठी मागून आणलेला. लांब नळीचं यंत्र, एका टोकाला पिवळा दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. डाव्या रेणूतून उजेड गेला की तो डावीकडं वळतो, उजव्यातून गेला की उजवीकडं. दोन्ही सारखे असले की कुठंच वळत नाही, शून्य. म्हणजे शून्य आलं तर पडद्यानं काहीच केलं नाही, सगळे पाव्हणे एकत्र घुसले.

खोलीत अंधार पाहिजे होता. बायांनी खिडक्यांना पोती लावली, फटींत ओढण्या कोंबल्या. दिवा तापेपर्यंत सगळे उभे. आधी टाकीतला माल बघितला. शून्य. तो शून्यच यायला पाहिजे होता, तरी शेठ हळूच "अरेरे" म्हणाले. मग बाटलीतला माल काचेच्या नळीत भरला. बुडबुडा राहिला. ओतला, परत भरला. परत बुडबुडा. तिसऱ्यांदा नळी नीट भरली. तिनं डोळा लावला आणि चकती फिरवायला घेतली. अर्धं वर्तुळ उजेडाचं दिसतं, अर्धं अंधाराचं. दोन्ही सारखं होईपर्यंत फिरवायचं. तिनं फिरवलं. थांबली. चकती परत शून्यावर आणली, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवली. मला वाटलं, संपलं. धर्माबाद.

"पाऊण अंश," ती म्हणाली. "डावीकडं."

"म्हंजे पास का नापास?" सिंधुबाई.

"म्हंजे वळला, मावशी. शंभरात पासष्ट डावे असतील. टाकीत होते पन्नास."

"फक्त पासष्ट?" शेठ म्हणाले. "मला तर नव्वदच्या वर लागतात."

मग मात्र लुंबिनी खरी लुंबिनी झाली. "शेठ, फक्त म्हणू नका. हे एका पडद्याचं काम हाय. निघालेला माल दुसऱ्या पडद्यातून सोडायचा, मग तिसऱ्या. रवा तरी तुम्ही एका चाळणीत काढता का? लेप अजून थोडा जाड करते, चौकट मोठी करते. नव्वद देते. पण तुमच्या खोलीची किल्ली आधी लागंल."

शेठनं भागवतकडं बघितलं. भागवतनं नुसता घसा खाकरला. किल्ली निघाली. "दिवाळीपर्यंत," शेठ म्हणाले. "नव्वद दाखव, न्हाई तर खोलीत पुन्हा माझी पिंपं येतील."

आमच्या संघटनेच्या पत्रकात भागवतनं दुसऱ्या दिवशी छापलं: 'कामगारांच्या रेट्यामुळे डावं-उजवं यशस्वी.' मी त्याला म्हणालो, हे छापू नको. त्यानं ऐकलं नाही.

लुंबिनी आता लातूरला असते. सिंधुबाईंच्या घरीच एका खोलीत राहते, आणि दोघींचं पंपाच्या जोरावरून रोज वाजतं. मागची खोली तिनं लावून घेतली आहे. लेप कधी जाड, कधी पातळ. दर नव्या पडद्याला थेंब गोळा करायचे आणि तपासायचे. तिथंच गाडं अडलंय. मागून आणलेला पोलारिमीटर दुसऱ्याच दिवशी परत गेला; कॉलेजात तपासणी होती, वस्तू जागेवर दिसली पाहिजे म्हणाले. नवा घ्यायची शेठची तयारी नाही, आधी नव्वद दाखव म्हणतात. आणि ते यंत्राशिवाय दिसणार कसं? तेव्हा ती बाटल्या पिशवीत घालून एसटीनं नांदेडला येते, ओळखीच्या प्रयोगशाळेत यंत्र मोकळं होईपर्यंत बाहेर बाकावर बसते, एक आकडा घेते आणि परत जाते. एका आकड्याला एक दिवस. दिवाळी काही तिच्यासाठी थांबणार नाही.

आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही लातूर-नांदेडकडच्या कुठल्या विज्ञानाच्या कॉलेजात शिकवत असाल, प्रयोगशाळा सांभाळत असाल, किंवा संस्थेच्या कमिटीवर नुसते बसत असाल, तरी उद्या उठून तुमच्या प्रयोगशाळेतली कपाटं उघडा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेर निघतो आणि एरवी वर्षभर कापडाखाली झोपतो, असा एक पोलारिमीटर तुमच्याकडं आहे का बघा. दिवा गेलेला असला तरी चालेल, दिवा आम्ही बघू. असेल तर तो दिवाळीपर्यंत लुंबिनी नरवाडेला वापरायला द्या. परवानगीला वेळ लागतो, वरून विचारावं लागतं, हे मला सांगू नका. भागवतचा आवाज अजून शाबूत आहे. यंत्रावरची धूळ झटका आणि लातूरला, शिवकुमार शेठच्या कंपनीत, लुंबिनीच्या नावानं निरोप धाडा.